जीनोमिक्स संस्थेचं संशोधन आणि त्याची सायटेशन स्वतः कशी तपासायची: दिल्लीच्या आयजीआयबीवर करून बघू

पीएचडीसाठी लॅब शोधणारी मुलं, कॉलेजच्या लायब्ररीत काम करणारी मंडळी, विज्ञानावर लिहिणारे पत्रकार, या सगळ्यांना कधी ना कधी प्रश्न पडतोच की अमुक संस्थेचं काम खरंच कितपत चांगलं आहे, आणि मग उत्तर म्हणून कुठूनतरी एक आकडा उचलला जातो, एकूण पेपर इतके, सायटेशन (इतरांनी त्या पेपरांचे दिलेले संदर्भ) इतकी, एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला एक आकडा) इतका, झालं. जीनोमिक्समध्ये, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात, हा उचललेला आकडा फार फसवतो. एकेका पेपरवर शंभर-शंभर लेखक असतात, त्यातले संस्थेचे कधी दोन तर कधी वीस, एखादा डेटाबेसचा पेपर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सायटेशन खाऊन बसतो, आणि कोविडच्या दोन वर्षांत तर सगळे आलेख सरळ वर गेलेले आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा सगळ्यात शेवटी काढायचा, त्याआधी पेपरांची यादी स्वतः बसून साफ करायची आणि तिचे ढीग वेगळे करायचे. हे काम कुणालाही जमतं, पैसे लागत नाहीत, दोन-तीन संध्याकाळी काढाव्या लागतात.

उदाहरणाला मी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी म्हणजे आयजीआयबी घेतेय. संस्था १९७७ पासूनची, पूर्वी तिचं नाव सेंटर फॉर बायोकेमिकल टेक्नॉलॉजी होतं, २००२ मध्ये आताचं नाव मिळालं. भारतीय लोकांच्या जनुकीय वैविध्याचा पहिला मोठा नकाशा, २००९ मध्ये जाहीर झालेला पहिला भारतीय मानवी जीनोम, २०१९ मध्ये सुरू झालेला भारतीयांचे जीनोम वाचायचा इंडिजेन प्रकल्प, कोविडमधलं सिक्वेन्सिंग म्हणजे विषाणूचा जनुकक्रम वाचणं, क्रिस्पर या जनुकतंत्रावर चालणारी कोविडची फेलुदा टेस्ट, हे सगळं इथलं. मोजताना जितक्या अडचणी येऊ शकतात तितक्या सगळ्या या एकाच संस्थेत भेटतात, म्हणून शिकायला ही बरी.

लागणारं सामान म्हणजे एक लॅपटॉप, एक्सेल किंवा लिबरऑफिस, आणि तीन मोफत ठिकाणं: ओपनॲलेक्स (सगळ्या विषयांच्या पेपरांची सूची), पबमेड (वैद्यक आणि जीवशास्त्राच्या पेपरांची सूची) आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं सायटेशन मोजणारं आयसाइट. कॉलेजला स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या पैसे भरून घ्यायच्या सूची असतील तर उत्तमच, पण नसल्या म्हणून अडून बसू नका.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

हे खरंच कागदावर लिहा. "आयजीआयबी कशी आहे" या प्रश्नाला उत्तर नसतं. "२०१२ ते २०२१ या काळात आयजीआयबीमध्ये जन्माला आलेलं आणि तिथल्याच लोकांनी पुढे नेलेलं काम इतरांनी किती वापरलं" याला उत्तर असतं. काळ ठरवताना शेवटची दोन-तीन वर्षं सोडून द्या, कारण सायटेशन साचायला वेळ लागतो आणि गेल्या वर्षीचा पेपर दहा वर्षांपूर्वीच्या पेपरशेजारी ठेवून काहीच कळत नाही. पीएचडीवाल्यांना अर्थात ताजं कामच बघायचं असतं, त्यांच्यासाठी वेगळा रस्ता शेवटी दिलाय.

पायरी २: संस्थेची सगळी नावं गोळा करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं. आयजीआयबीचे लोक पेपरवर पत्ता कसा लिहितात बघा. कुणी नुसतं इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी, कुणी पुढे सीएसआयआर आणि डॅश, कुणी 'अँड'च्या जागी चिन्ह, कुणी नुसतं आयजीआयबी, जुन्या पेपरांवर सेंटर फॉर बायोकेमिकल टेक्नॉलॉजी, पत्ता कधी मॉल रोड तर कधी मथुरा रोड कारण कॅम्पस दोन आहेत. तिथे पीएचडी करणारी बरीच मुलं सोबत एसीएसआयआर म्हणजे ॲकॅडमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्चचाही पत्ता देतात कारण डिग्री तिथून मिळते. मग एकच पेपर आयजीआयबी, एसीएसआयआर आणि सीएसआयआर अशा तीन खात्यांत दिसतो. पुण्याच्या एनसीएलची मोजणी करायला घेतलीत तर तिथेही हेच होणार, तीही सीएसआयआरचीच लॅब आहे.

उलट बाजूने, नुसतं "इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स" शोधलंत तर एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाची त्याच नावाची संस्था आणि चायनीज ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची बीजिंग इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स, दोन्ही येऊन पडतात. बीजिंगवाली आणि शेन्झेनची बीजीआय या दोन वेगळ्या संस्था आहेत, त्यांची तर कायम सरमिसळ होते.

उपाय म्हणजे आरओआर नावाची जागतिक नोंदवही आहे, तिथे प्रत्येक संशोधन संस्थेला एक कायमचा आयडी दिलेला असतो. आयजीआयबीचा आयडी तिथून उचला आणि ओपनॲलेक्समध्ये नावाऐवजी तोच वापरा. नावांची यादी मात्र ठेवाच, पबमेडला लागणार आहे.

पायरी ३: यादी दोन ठिकाणांहून उतरवा

एकाच ठिकाणची यादी कधीच पूर्ण नसते. ओपनॲलेक्स २०२२ पासून सुरू आहे, मायक्रोसॉफ्टचं अशाच प्रकारचं काम बंद पडल्यावर त्याची जागा यानेच घेतली, पूर्ण खुलं आहे. तिथे संस्थेचा फिल्टर लावा, वर्षं लावा, प्रकार लेख आणि रिव्ह्यू ठेवा, आणि सीएसव्ही फाइल उतरवून घ्या. फाइलमध्ये डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक), वर्ष, जर्नल, लेखक, सायटेशन यांच्यासोबत पेपर मागे घेतला गेलाय का तेही असतं.

मग पबमेडला जा. पत्त्याच्या रकान्यात शोधायची सोय आहे, तिथे वरची सगळी नावं 'ऑर'ने जोडून टाका. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, २०१४ च्या आधी पबमेड साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचं. म्हणजे २००८ च्या पेपरवर पहिला लेखक हैदराबादचा आणि आयजीआयबीचा माणूस तिसरा असेल तर तो पेपर तुम्हाला इथे दिसणारच नाही. त्यामुळे पबमेडच्या आकड्यांवरून आलेख काढला की २०१४ नंतर संस्थेने एकदम उडी मारल्यासारखं दिसतं, आणि ती उडी निव्वळ नोंदीची पद्धत बदलल्यामुळे असते.

दुसरी गोम सामूहिक नावांची. २००८ मध्ये जर्नल ऑफ जेनेटिक्समध्ये भारतीयांच्या जनुकीय नकाशाचा जो मोठा पेपर आला, ५५ समाजगटांतले १,८७१ लोक, ७५ जनुकं आणि २२ व्या गुणसूत्राचा एक भाग यांतल्या ४०५ जागा, त्याचा लेखक म्हणून 'इंडियन जीनोम व्हेरिएशन कन्सॉर्शियम' हे नाव आहे. शास्त्रज्ञांच्या नावाने शोधणाऱ्याला तो सहज निसटतो. संस्थेच्या इतिहासातलं इतकं महत्त्वाचं काम यादीतून गळलं तर पुढच्या मोजणीला काय अर्थ राहिला. म्हणून संस्थेच्या मोठ्या प्रकल्पांची नावं वेगळी लिहून काढा आणि त्या नावांनीही एकदा शोध घ्या.

पायरी ४: साफसफाई

दोन्ही याद्या एका शीटमध्ये घ्या. डीओआयचा कॉलम आधी सगळा स्मॉल लेटरमध्ये करून घ्या, कारण डीओआय कॅपिटल काय नि स्मॉल काय एकच धरला जातो पण एक्सेलच्या जुळणीच्या फॉर्म्युल्यांवर आणि इतर सॉफ्टवेअरवर त्या बाबतीत भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, आणि कुठे डीओआयच्या आधी पूर्ण लिंक असते ती काढून टाका. मगच डुप्लिकेट उडवा.

यानंतर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधी खुली टाकलेली प्रत. जीनोमिक्सवाले पेपर आधी बायोआर्काइव्ह या साइटवर टाकतात आणि जर्नलमध्ये काही महिन्यांनी येतो. फेलुदाचंच बघा, देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाचं काम २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणून आलं आणि बायोसेन्सर्स अँड बायोइलेक्ट्रॉनिक्स या जर्नलमध्ये २०२१ ला छापलं गेलं. मधल्या काळात ज्यांनी ते वापरलं त्यांनी प्रीप्रिंटला साइट केलं. तुम्ही दोन्ही ओळी ठेवल्यात तर पेपर दोनदा मोजला जातो, प्रीप्रिंटची ओळ नुसती उडवलीत तर तिची सायटेशन जातात. म्हणून शीर्षकावरून जोड्या लावा, एकच ओळ ठेवा आणि प्रीप्रिंटच्या सायटेशनसाठी शेजारी वेगळा कॉलम करा.

मागे घेतलेल्या पेपरांची वेगळी शीट करा. डीओआयची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफने २०२३ मध्ये रिट्रॅक्शन वॉचचा डेटा विकत घेऊन सगळ्यांना खुला केला, तिथे डीओआय जुळवून बघता येतात. कुठल्याही संस्थेबद्दल लिहिताना हे न तपासता लिहू नये असं माझं ठाम मत आहे. सापडले तर कारण वाचा, कारण जर्नलच्या चुकीने मागे घेतलेला पेपर आणि डेटात फेरफार निघाल्यामुळे मागे घेतलेला पेपर यांत फार अंतर आहे.

पायरी ५: ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक ओळीसमोर एक कॉलम करा आणि पेपर कुठल्या जातकुळीचा आहे ते लिहा.

पहिला ढीग संस्थेच्या स्वतःच्या कामाचा. लेखक बहुतेक आयजीआयबीचे, कल्पना तिथली, करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरची जबाबदारी घेणारा, पत्रव्यवहाराचा लेखक) तिथला. उदाहरण द्यायचं तर आयुर्जीनोमिक्स, म्हणजे आयुर्वेद आणि जीनोमिक्सची सांगड. भावना प्रशेर आणि मिताली मुखर्जी यांच्या गटाने आयुर्वेदातल्या वात-पित्त-कफ प्रकृतींच्या टोकाच्या लोकांमध्ये जनुकांचं काम कसं वेगळं चालतं यावर २००८ मध्ये जर्नल ऑफ ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये लिहिलं आणि २०१० मध्ये त्याच धाग्यावरून उंचावरच्या विरळ हवेशी जुळवून घेण्यात ईजीएलएन१ या जनुकाचा हात आहे हे पीएनएएसमध्ये दाखवलं. अशा कामाला कोविडच्या डेल्टा व्हेरिएंटवरच्या पेपरांइतकी सायटेशन कधीच मिळणार नाहीत, पण हा प्रश्न याच संस्थेला पडला, आणि एखाद्या संस्थेचा स्वभाव बघायचा तर या ढिगातच बघावा लागतो.

दुसरा ढीग कन्सॉर्शियमचा, म्हणजे अनेक संस्थांनी संघ करून केलेल्या कामाचा. ह्यूगो पॅन-एशियन कन्सॉर्शियमचा २००९ चा सायन्समधला पेपर इथे येईल, आणि डेल्टाचेही. डेल्टावरचे दोन पेपर शेजारी ठेवून बघा म्हणजे मुद्दा लख्ख कळेल. एक २०२१ चा सायन्समधला, दिल्लीतल्या लाटेत हा व्हेरिएंट कसा पसरला याबद्दलचा, त्यात एनसीडीसी (केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था) आणि आयजीआयबी मध्यभागी आहेत. दुसरा त्याच वर्षीचा नेचरमधला, डेल्टा किती वेगाने वाढतो आणि प्रतिकारशक्तीला कसा चकवतो याबद्दलचा, त्यात केंब्रिजच्या रवींद्र गुप्तांचा गट, जपानचा गट, एनसीडीसी आणि आयजीआयबीचे तेव्हाचे संचालक अनुराग अग्रवाल असे सगळे आहेत. दोन्हींना भरपूर सायटेशन. पण दुसऱ्यातल्या पेशींवरच्या प्रयोगांचं श्रेय पूर्णच्या पूर्ण आयजीआयबीच्या खात्यात टाकणं बरोबर होईल का? आणि आपल्यासाठी आणखी एक गोष्ट, डेल्टा ज्यातला आहे तो बी.१.६१७ चा सगळा वंश महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेच्या नमुन्यांमध्ये ठळकपणे पुढे आला होता, पुण्याच्या एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सारा चेरियन आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा पेपर २०२१ मध्ये मायक्रोऑरगॅनिझम्स या जर्नलमध्ये आहे. म्हणजे एकाच विषाणूची गोष्ट दोन-तीन संस्थांच्या खात्यांत वाटली गेलीय, आणि नमुने गोळा करणाऱ्या जिल्ह्यांतल्या लॅब तर कित्येकदा फक्त आभारात असतात.

तिसरा ढीग डेटाबेस आणि सॉफ्टवेअरचा. जीनोमिक्समध्ये सायटेशनचे राजे हेच. ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधून २००९ मध्ये आलेला सॅमटूल्सचा पेपर घ्या, सिक्वेन्सिंगचा डेटा हाताळणारं साधं सॉफ्टवेअर, पण जगातला जवळपास प्रत्येक जीनोम पेपर ते वापरतो आणि साइट करतो, सायटेशन हजारोंच्या घरात कितीतरी पुढे गेली. असा एक पेपर संस्थेची सरासरी एकट्याने वर नेतो. आयजीआयबीकडे या ढिगात इंडिजेनमधून निघालेला इंडिजीनोम्स हा डेटाबेस आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

चौथा ढीग रिव्ह्यू पेपरांचा. रिव्ह्यू जास्त साइट होतात कारण प्रस्तावनेत दहा पेपर देण्यापेक्षा एक रिव्ह्यू देणं सोपं पडतं. ते मूळ संशोधनात मिसळू नका, बस.

आणि यावर आडवा एक शिक्का: कोविड, हो किंवा नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडवरच्या कुठल्याही बऱ्या पेपरला एरवीच्या कितीतरी पट सायटेशन मिळाली, जगभर. त्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा काढायचा, कोविडसकट आणि कोविड वगळून.

पायरी ६: वाटा काढा

पूर्ण मोजणी म्हणजे संस्थेचा एक जरी माणूस लेखकांत असला तरी पेपर अख्खा संस्थेचा. वाटणी करून मोजणी म्हणजे लेखकांच्या प्रमाणात. समजा पेपरवर ४० लेखक आहेत आणि ६ आयजीआयबीचे, तर वाटा ०.१५. त्या पेपरला ८०० सायटेशन असतील तर संस्थेच्या नावावर १२० धरायची. त्या सहापैकी कुणी दोन संस्थांचा पत्ता दिला असेल तर त्याचं अर्धं. एसीएसआयआरला मात्र मी वेगळी संस्था धरत नाही, कारण ते मूल काम आयजीआयबीच्याच बेंचवर करत असतं.

नेचर इंडेक्सवाले हेच दोन आकडे 'काउंट' आणि 'शेअर' या नावांनी देतात. दोन्ही आकडे काढा आणि त्यांच्यातलं अंतर बघा. अंतर फार मोठं असेल तर समजायचं की संस्था मोठ्या जाळ्यांमध्ये जास्त काम करते, कमी असेल तर आपापलं काम करते. यात चांगलं-वाईट काही नाही, पण हे माहीत असायला हवं.

जोडीला दोन हो-नाही कॉलम करा: पहिला लेखक संस्थेचा आहे का, करस्पॉन्डिंग ऑथर संस्थेचा आहे का. नंतर सगळं विसरलात तरी चालेल पण हे दोन कॉलम भराच, काम कुणी उचललं आणि कुणी नेलं ते यावरून लगेच दिसतं.

पायरी ७: आता आकडे

सरासरी काढू नका, किंवा काढलीत तर एकटी छापू नका. समजा दहा पेपर आहेत आणि सायटेशन अशी: ०, १, २, ३, ४, ५, ७, ९, १४ आणि ९५५. सरासरी येते १००, मधला आकडा म्हणजे मीडियन येतो ४.५. शंभरच्या जवळपास सायटेशन असलेला एकही पेपर त्या यादीत नाही. जीनोमिक्स संस्थांच्या याद्या बहुतेक अशाच असतात, म्हणून प्रत्येक ढिगाचा मीडियन द्या.

मग विषय आणि वर्षाप्रमाणे तुलना. झेब्राफिशवर काम करणाऱ्या गटाला आणि कॅन्सर जीनोमवाल्यांना एकाच पट्टीने मोजणं चूक आहे, कारण दोन्ही क्षेत्रांत पेपर लिहिणारेच कमी-जास्त आहेत. ओपनॲलेक्समध्ये प्रत्येक पेपरसाठी क्षेत्राशी तुलना केलेला एक आकडा असतो, १ म्हणजे त्या क्षेत्रात त्या वर्षी जगाची जी सरासरी तेवढाच, शिवाय पेपर वरच्या १० टक्क्यांत किंवा १ टक्क्यात आहे का तेही दिलेलं असतं. संस्थेचे किती टक्के पेपर वरच्या दहा टक्क्यांत आहेत हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक एकेरी आकडा, कारण एखाद्या राक्षसी पेपरने तो फुगत नाही.

आयसाइटसाठी पीएमआयडींचा (पबमेडने पेपरांना दिलेल्या क्रमांकांचा) कॉलम कॉपी करून तिथे चिकटवा. ते रिलेटिव्ह सायटेशन रेशो देतं, त्यात १ म्हणजे एनआयएचच्या पैशातून निघालेला मधला पेपर. भारतीय लॅबचं बजेट बघता या पट्टीवर १ गाठणं ही मोठी गोष्ट आहे, हे अहवालात लिहायला लाजू नका. शिवाय आयसाइट सांगतं की पेपरला क्लिनिकल ट्रायल किंवा उपचारांच्या गाइडलाइनमध्ये कुणी साइट केलंय का. जीनोमिक्समध्ये रोग्यापर्यंत काम पोचतंय का याची पहिली खूण तिथे मिळते.

एच-इंडेक्स हिर्श यांनी २००५ मध्ये एकेका संशोधकासाठी सुचवला होता. संस्थेला तो लावला की जुनी आणि मोठी संस्था आपोआप वर जाते, त्यामुळे माझ्या शीटमध्ये त्याला जागाच नसते. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्यातल्या पेपरांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरीही नको. ४०५ जागांचा तो २००८ चा पेपर बेंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या जर्नलमध्ये आला, इम्पॅक्ट फॅक्टर बघून चाळणी लावली असती तर तो पहिल्याच फटक्यात बाहेर गेला असता.

पायरी ८: सायटेशन वाचा

हो, वाचायची. प्रत्येक ढिगातले वरचे चार-पाच पेपर घ्या, प्रत्येकाला साइट करणारे पंधराएक पेपर कसेही निवडा आणि त्यांत ते वाक्य शोधा जिथे आपला पेपर आलाय. तीन खुणा पुरतात: डेटा किंवा पद्धत खरंच वापरली, नुसती प्रस्तावनेत हजेरी, किंवा निष्कर्षाशी वाद घातला. शेजारी साइट करणाऱ्याचा देश लिहा आणि तो आयजीआयबीचाच आहे का ते. स्वतःच्या कामाला साइट करणं गैर नाही, पुढचं काम मागच्यावरच उभं राहतं, पण दहातली सहा सायटेशन घरचीच असतील तर ते सांगायला हवं.

असं बसून वाचलं की ढिगांचा फरक दिसायला लागतो. डेटाबेसच्या पेपरला मिळालेली सायटेशन बहुतेक 'आम्ही यात तपासलं' अशा पद्धतीच्या भागातली असतात, कन्सॉर्शियमच्या पेपरची बरीचशी पहिल्या परिच्छेदात असतात, आणि लॅबच्या छोट्या पेपरला मिळालेली थोडी सायटेशन कधीकधी इतकी सविस्तर असतात की साइट करणाऱ्याने अख्खा परिच्छेद त्याच्यावर खर्च केलेला असतो. तो परिच्छेद अहवालात जरूर टाका.

पायरी ९: जे सायटेशनमध्ये येतच नाही

इंडिजीनोम्सचा पेपर न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्चच्या २०२१ च्या डेटाबेस अंकात आहे. १,०२९ भारतीयांचे पूर्ण जीनोम, त्यातून साडेपाच कोटींच्या वर जनुकीय बदल, आणि त्यातले जवळजवळ एक तृतीयांश तोवरच्या जागतिक डेटाबेसमध्ये नव्हतेच. हे इतकं महत्त्वाचं का, तर २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या थाउजंड जीनोम्स प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट होते: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ. एकही नमुना भारतात घेतलेला नव्हता, आणि मराठी माणसांचा गट तर नव्हताच.

आता समजा नाशिकमधल्या एका लहान बाळाला दुर्मिळ आजाराची शंका आहे, डॉक्टरांनी एक्झोम टेस्ट (प्रथिनं घडवणाऱ्या जनुकभागांची तपासणी) केली आणि एका जनुकात कधी न पाहिलेला बदल निघाला. २०१५ च्या अमेरिकन गाइडलाइननुसार एखादा बदल सर्वसाधारण लोकांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त आढळत असेल तर तो निरुपद्रवी धरतात. युरोपियन डेटात तो बदल नसेल तर रिपोर्ट लिहिणारा गोंधळात पडणार. भारतीय डेटात बघितलं आणि तो आपल्याकडे सर्रास आढळतो असं दिसलं, की त्या आईबापांच्या डोक्यावरचा केवढा भार उतरतो. पण त्या रिपोर्टमधून एकही सायटेशन तयार होत नाही. रिपोर्ट फाइलमध्ये जातो, पेपर कुणी लिहीत नाही.

म्हणून अहवालात एक वेगळं पान ठेवायचं. त्यात डेटाबेस अजून चालू आहे का आणि शेवटचा कधी अपडेट झाला ते स्वतः उघडून बघा (कित्येक संस्थांचे डेटाबेस पेपर छापल्यावर बंद पडलेले असतात, हे जरूर तपासा), कच्चा डेटा सार्वजनिक ठिकाणी ठेवलाय का, जीआयएसएआयडी या विषाणूंच्या जागतिक डेटाबेसवर किती सिक्वेन्स दिले, पेटंट आणि त्यांचं पुढे काय झालं. फेलुदाचं तंत्र टाटांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्या टेस्टला डीसीजीआयची (देशाच्या औषध नियंत्रकांची) मंजुरी मिळाली, हे पेपरच्या सायटेशनमधून कधीच कळलं नसतं. आयजीआयबीच्या गार्डियन या जाळ्यातून देशभरचे डॉक्टर दुर्मिळ आजारांच्या केसेस पाठवतात, तेही याच पानावर.

पायरी १०: तुलना करायचीच असेल तर

सँगरशी करू नका. त्यांना वेलकम या धर्मादाय संस्थेचा वर्षानुवर्षांचा भक्कम निधी आहे आणि मानवी जीनोमचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा त्या एका ठिकाणी वाचला गेला होता. आयजीआयबीशेजारी पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ठेवा, हैदराबादची सीडीएफडी ठेवा, सीसीएमबी ठेवा, पण प्रत्येकाची यादी याच पद्धतीने, याच तारखेला, याच साधनांतून काढलेली हवी. एकाची स्कोपसमधून आणि दुसऱ्याची गुगल स्कॉलरमधून असं चालणार नाही, स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही धरतं म्हणून तिथले आकडे फुगतात. शास्त्रज्ञांची संख्या वार्षिक अहवालातून घ्या आणि प्रत्येक शास्त्रज्ञामागे वरच्या दहा टक्क्यांतले पेपर किती असं लिहा, मग लहान संस्थेवर अन्याय होत नाही.

अहवाल लिहिताना यादी उतरवल्याची तारीख, वापरलेली सगळी नावं आणि फिल्टर जसेच्या तसे द्या, शीट सोबत जोडा, आणि छापायच्या आधी संस्थेच्या लायब्ररीला एक ईमेल टाकून यादी दाखवा. कुठला पेपर सुटलाय ते त्यांना पटकन कळतं.

पीएचडीवाल्यांनो, तुमच्यासाठी छोटा रस्ता. अख्खी संस्था सोडा, ज्या दोन-तीन शास्त्रज्ञांकडे जायचं मनात आहे त्यांच्या गेल्या पाच वर्षांच्या पेपरांची यादी ओआरसीआयडी या संशोधकांच्या नोंदवहीवरून घ्या. सायटेशनचा कॉलम झाकून ठेवा. पहिला लेखक कोण आहे ते बघा, तो तिथला विद्यार्थी होता का, त्याला पहिला पेपर यायला दाखल झाल्यापासून किती वर्षं लागली, एकच नाव सगळीकडे आहे की वेगवेगळ्या मुलांना संधी मिळालीय, आणि ती मुलं आता कुठे आहेत. त्यातल्या दोघांना ईमेल करा आणि सरळ विचारा की डेटा, मशीनचा वेळ आणि पेपरवरचा क्रम या तीन गोष्टी तिथे कशा ठरतात. साधारण एक जण तरी उत्तर देतोच, आणि उत्तर आलं की इंटरव्ह्यूला जायच्या आधी त्या लॅबचे दोन पेपर पुरवणी माहितीसकट वाचून जा.